आधी चटई, मग भाकरी

आमच्या बाईंचं खुर्चीशी वैर होतं. साधंसुधं नव्हे, खानदानी. कोणाकडे गेल्या आणि घरच्यांनी अगत्याने खुर्ची पुढे सरकवली, की बाई तिच्याकडे अशा बघायच्या, की त्या माणसाला वाटावं आपण पानात काही शिळंपाकं वाढलं. मग "असू दे" म्हणून भिंतीपासून हातभर लांब, जमिनीवर मांडी घालून बसायच्या. भिंतीला टेकणंही त्यांना पसंत नव्हतं. "भिंतीने घर सांभाळायचं. तुझी पाठ तू सांभाळ," हे वाक्य मी पाच-सहाशे वेळा तरी ऐकलं असेल, आणि त्यातल्या निम्म्या वेळा ते मलाच उद्देशून होतं.

बाई म्हटलं की शाळा डोळ्यांपुढे येते, पण या शाळेतल्या बाई नव्हेत. चिंचवड आणि पिंपरीच्या मध्ये, रुळांच्या कडेला, इंजेक्शनं बाटल्यांत भरणारी एक लहानशी कंपनी होती. ती पुढे दहाएक वर्षांत बंद पडली, तिचं नावही आता कोणाला आठवणार नाही. तिच्या तपासणीच्या खोलीत आम्ही बारा बायका कामाला होतो आणि बाई आमच्या सुपरवायझर. पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी एकोणीस वर्षांची, नुकतीच मॅट्रिक झालेली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला कामासाठी पगार देत होतं.

काम असं. समोर एक दिवा, दिव्यामागे अर्धी काळी अर्धी पांढरी पाटी. बाटली दिव्यासमोर धरायची, हळूच उलटी करायची, पुन्हा सुलटी करायची. आत कण, केस, काचेचा कपचा दिसला तर ती डावीकडच्या लाल टोपलीत, नाहीतर उजवीकडच्या पेटीत. दिवसभर हेच. कंपनीने आमच्यासाठी पाठीच्या खुर्च्या आणल्या होत्या म्हणे, पण बाईंनी त्या आल्या पावली परत पाठवल्या आणि बिनपाठीची स्टुलं मागवली. सुरुवातीला आम्ही सगळ्याजणी त्यापायी बाईंच्या नावाने बोटं मोडत होतो.

दिसायला बाई काटक, बुटक्या, सावळ्या. रत्नागिरीकडच्या. नेसणं कायम नऊवारी. कपाळावरचं कुंकू गोंदलेलं होतं, त्यामुळे नवरा आहे, गेला, की सोडून दिला, याचा पत्ता कोणालाच लागत नसे. एकीने धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "गोंदवलं तेव्हा होता." त्यापुढे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

आणि काखेत चटई. लव्हाळ्याची, गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली. बारा महिने तेरा काळ. आमच्या गेटवर चिखलीचे एक पहिलवान गडी वॉचमन होते, त्यांची सकाळ या चटईशिवाय सुरू होत नसे.

"बाई, आज मुक्काम कुठं?"

"तुझ्या मिशीवर."

संध्याकाळी खरी मजा. बाटली चोरून जाऊ नये म्हणून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू तपासायचा नियम होता. वॉचमन म्हणायचे, "उलगडा बाई." बाई म्हणायच्या, "तूच उलगड. माझे हात दिवसभर बाटल्या धरून दमलेत." मग तो अवाढव्य माणूस उकिडवा बसून चटई अंथरायचा, दोन्ही बाजूंनी बघायचा आणि म्हणायचा, "काय न्हाई." त्यावर बाई, "कालपण नव्हतं. उद्यापण नसेल. तरी बघ हो." हे दोघं वर्षानुवर्षं रोज हाच संवाद म्हणत होते आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही.

चटई होती कसरतीसाठी. दुपारी जेवणाची घंटा झाली की बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत डबे भिंतीशी मांडून ठेवायचे, हात नाही लावायचा. दाराला आतून कडी. पाव तास कसरत, मगच डबा. "आधी चटई, मग भाकरी" हा बाईंचा कायदा, आणि त्याला अपवाद नव्हता. भूक लागली म्हणून नाही, पाऊस आहे म्हणून नाही, कोणाच्या घरून पुरणपोळी आली म्हणून तर नाहीच नाही.

एकदा मॅनेजरसाहेबांच्या बाईसाहेब आल्या. मुलगा पास झाला म्हणून सगळ्यांना पेढे वाटत होत्या. दार वाजलं. बाईंनी कडी काढली, पेढ्यांचा पुडा पाहिला आणि म्हणाल्या, "या. वहाणा बाहेर काढा. पेढे तिकडे डब्यांपाशी. तुम्ही इकडे." बाईसाहेब बिचाऱ्या इतक्या गोंधळल्या, की खरोखरच बाईंच्या चटईवर आडव्या झाल्या. आम्ही हसू दाबून लाल झालो होतो. पाव तासाने उठल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही वेगळंच होतं, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या मोलकरणीबरोबर बाईंना चिठ्ठी आली, की त्यातली तिसरी कसरत पुन्हा एकदा लिहून पाठवावी.

आता ही कसरत कसली, ते सांगायला हवं. ती होती पाळीत दुखणाऱ्या पोटासाठी. आज हे वाक्य मी सरळ लिहिते आहे, पण त्या काळी आम्ही आईजवळसुद्धा असं बोलत नव्हतो. "अडचण आहे" म्हणायचं आणि खाली बघायचं. बाई मात्र डाळीत मीठ पडलं का, अशा आवाजात विचारायच्या, "तुला कितव्या दिवशी जास्त कळ येते? पोटात, की कमरेत, की मांड्यांत?" पहिल्यांदा मला विचारलं तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

उताणं निजायचं. गुडघे वर, पावलं जमिनीवर. श्वास सोडताना पोट आत घ्यायचं आणि कंबर चटईला टेकवायची. "मध्ये तांदळाचा दाणा राहता कामा नये," बाई म्हणायच्या, आणि खरंच हात घालून बघायच्या. मग कुल्ले उचलायचे, पण एकदम नाही. पाठीचा एकेक मणका सुटा करत वर जायचं आणि तसंच एकेक टेकवत खाली यायचं. मग गुडघे छातीशी घेऊन इकडून तिकडे डुलायचं. मग रांगत्या पोरासारखं हातापायांवर येऊन पाठीची कमान करायची, सोडायची. दिसायला सोपं. करायला लागलं की कपाळावर घाम.

त्यांना आकडे मोजायचा तिटकारा होता. आकडे मोजले की माणूस कधी संपतं याची वाट बघतो म्हणायच्या. त्या स्टेशनं मोजायच्या. श्वास घेताना पुणे, शिवाजीनगर, खडकी, दापोडी. सोडताना चिंचवड, देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली, लोणावळा. घेणं आखूड, सोडणं लांब. कोणी मधेच दम तोडला की बाई म्हणायच्या, "तू कामशेतलाच उतरलीस गो. तिकीट लोणावळ्याचं आहे." कळ फार असली की कूर्मगतीने जायच्या, प्रत्येक स्टेशनावर गाडी उभी.

नऊवारीचा आग्रह यासाठीच. आम्ही नव्या पोरी मोठ्या हौसेने गोल साडी नेसून यायचो, आणि गोल साडीत पाय वर करायचे कसे? बाईंनी आपल्या कपाटात दोन जुनी लुगडी धुऊन ठेवलेली होती. गोल साडी दिसली की लुगडं अंगावर पडायचं. "आपल्या आज्या शहाण्या होत्या. कासोटा घालून घोड्यावर बसायच्या. तुम्हाला चटईवर पडता येईना."

हे सगळं त्या शिकल्या होत्या पुण्याच्या कँपात, एका मडमेकडून. लढाईच्या काळात ती युरोपातून पळून आलेली, तरुणपणी नाच करायची, पाठ मोडलेली होती. बाई तिच्या सोबतीला होत्या. तिला ही विद्या तिच्या मुलुखातल्या कोणा माणसाकडून मिळाली होती. तो म्हणे आधीच्या लढाईत कैदेत होता आणि खाटेवर पडलेल्या लोकांकडून कसरत करून घ्यायचा. खरंखोटं देव जाणे. बाई सांगायच्या तेव्हा दर वेळी त्यात एखादी खाट वाढायची.

गेल्या वर्षी रावेतला नातीकडे राहायला गेले होते. सकाळी बाहेरच्या खोलीत येऊन बघते तर नात रबरी चटईवर उताणी, गुडघे वर, आणि मोबाइलमधली बाई इंग्रजीत सांगतेय. "आजी, पाळीत फार त्रास होतो ना, म्हणून पिलाटेसची कसरत लावलीय," नात म्हणाली. मी तिच्या कमरेखाली हात घातला. मध्ये तांदूळच काय, अख्खा पाव किलो मावला असता. तिला म्हटलं, तिकीट कुठलं काढलंयस? पोरगी उठून बसली. मग मला सगळं सांगावं लागलं, आणि त्या दिवसापासून हे लिहून काढायचं डोक्यात होतं.

आमचं घर चिंचवडच्या गावठाणात, गुरवाचं. एका लहान देवळाची पूजा वडिलांकडे होती, त्यामुळे विटाळ-चांडाळ फार कडक. महिन्याचे ते दिवस मागच्या पडवीत. वेगळी घोंगडी, वेगळं ताट, आणि कोणी शिवायचं नाही. मला तर त्या दिवसांत इतकी कळ यायची, की शिवायचं सोडा, कोणी समोर उभं राहिलेलं सहन व्हायचं नाही. दोन वेळा चक्कर येऊन पडवीतच पडले होते, आणि उचलायला कोणी येऊ शकत नव्हतं. आई उंबऱ्यात उभी राहून रडायची, पण हात लावायची नाही. तिला तो अधिकारच नाही असं तिला वाटत होतं. मला तिचा राग यायचा, आणि तिची दयाही यायची.

कंपनीत माझी सहा महिन्यांची कच्ची नेमणूक होती. पहिल्या महिन्यात तीन दिवस खाडा. दुसऱ्या महिन्यात तीन दिवस खाडा. मॅनेजरसाहेबांनी बोलावून शांतपणे सांगितलं, की तिसऱ्या महिन्यात असंच झालं तर नाव कमी होईल. घरी याचा अर्थ वेगळा होता. जुन्नरकडचं एक स्थळ आलेलं होतं. बिजवर, दोन मुलं, माझ्याहून सतरा वर्षांनी मोठा. वडील म्हणाले होते, "नोकरीत कायम झालीस तर बघू. न्हाईतर उन्हाळ्यात बार उडवून टाकू." ते वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं.

नवी मुलगी आपणहून मागेपर्यंत बाई तिला चटईवर घेत नसत, आणि दोन महिने मी लाजेपायी मागितलं नव्हतं. आता बाईंपुढे जाऊन उभी राहिले. खाली बघत म्हटलं, "मला शिकवा."

"आत्ता दुखतंय?"

"नाही."

"मग बरोबर वेळेला आलीस. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्या मला आवडत नाहीत."

चटई मात्र माझी मलाच आणायची होती. विश्रांतीच्या खोलीत चार चटया का ठेवत नाहीत, असं मी विचारलं. मग मलाच समजलं. 'त्या' दिवसांत दुसरी जिच्यावर निजली, त्या चटईवर आमच्यातली एकही निजली नसती. मीही नसते.

पण यात एक मोठी गंमत, म्हणजे गोची, झाली होती. आधी बायका फक्त अडचणीच्या दिवशी चटई आणायच्या. दापोडीहून एक लाजरी मुलगी यायची. ती एका सकाळी चटई घेऊन आली आणि वॉचमननी अगदी भाबडेपणाने सगळ्यांदेखत विचारलं, "आज तुमची बी चटई? काल तर नव्हती." ती गेटातूनच घरी परत गेली. बाईंनी दुसऱ्या दिवशी फर्मान काढलं. चटई रोज. सगळ्यांनी. एकादशी असो की अमावस्या. म्हणजे कोणाची कधी, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मी लागले तेव्हा हे चालू होऊन वर्ष झालं होतं. स्टेशनापासून आम्ही बायका काखेत चटया मारून निघालो, की लोक आपसांत म्हणायचे, ह्या आज कुठेतरी उपोषणाला बसणार. खुद्द बाईंची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तरी त्यांची चटई रोज सगळ्यांच्या पुढे असायची, ते यासाठी. बाहेरचे त्यांना 'चटईबाई' म्हणून हसायचे, तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की अरे, ती चटई तिची नाही, आमची आहे.

तीन आठवडे मी रोज लोणावळ्याला जाऊन आले. मग तो दिवस आला. पहाटेच कळलं. आई मागच्या अंगणात सडा घालत होती. तिने विचारलं, "दिस आलं न्हवं तुजं?" मी म्हटलं, "अजून नाही." आईशी मी बोललेलं ते पहिलं मोठं खोटं. देवघरावरून न जाता, मागच्या दाराने, कशालाही हात न लावता मी निघाले.

सकाळची घंटा व्हायच्या आत बाईंनी मला विश्रांतीच्या खोलीत आडवं केलं. त्या दिवशी गाडी फार हळू गेली. वडगावला मला रडू आलं, बाईंनी गाडी तिथेच थांबवून ठेवली आणि माझ्या गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिल्या. त्या दिवसांत मला कोणीतरी हात लावलेला मी प्रथमच अनुभवत होते. दुखणं गेलं नाही. उगाच कशाला सांगू. पण सोळा आणे होतं ते सहा आण्यांवर आलं. सहा आण्यांचं दुखणं घेऊन माणूस स्टुलावर बसू शकतो. मी बसले.

पहिली बाटली दिव्यासमोर धरली. स्वच्छ होती. उजवीकडे ठेवायला हात नेला आणि थांबले. आई म्हणायची, या दिवसांत हात लागला तर लोणचं नासतं, तुळस जळते. आणि हे तर औषध. कुठल्या तरी आजारी लेकराच्या दंडात जाणार. माझ्या हातचा विटाळ त्याला बाधला तर? मी ती बाटली लाल टोपलीत टाकली. दुसरीही टाकली. मग सगळ्याच टाकत गेले. बाई त्या दिवशी साहेबांबरोबर गोदामात मोजदादीला अडकल्या होत्या, माझ्या शेजारणी आपापल्या दिव्यात गुंतलेल्या. संध्याकाळी माझ्यापुढे भरलेल्या तीन लाल टोपल्या होत्या, आणि एवढ्या बाद बाटल्या दिवसभरात सगळ्या खोलीच्या मिळूनही कधी निघत नसत.

मला वाटलं होतं, टाकून देतील, संपलं. पण कारखान्यात काही टाकलं की कोणाच्या तरी डोक्यावर पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भरणीचं मशीन बंद. मशीनवर एक वयस्क उस्ताद होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, की इतकी घाण बाटल्यांत आली कुठून. चाचांनी मशीनचा एकेक भाग सोडवून जमिनीवर फडक्यावर मांडला होता आणि ते नळ्या धूत बसले होते. सकाळचा चहाही घेतला नव्हता. आमच्या खोलीत येऊन ते बाईंना म्हणाले, "बाई, मी सोता गाळलंय सगळं. मला तर बाटलीत कायबी दिसत नाय. माझे डोळे गेले काय?"

बाईंनी लाल टोपलीतली एक बाटली उचलली, दिव्यासमोर धरली. मग दुसरी. मग तिसरी. मग त्यांनी चटकन माझ्याकडे पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत आधी चटई झालीच. त्यानंतर बाकीच्या डबे उघडत असताना बाईंनी मला बाहेरच्या व्हरांड्यात नेलं.

"किती टाकल्यास?"

"सगळ्या."

"का गो?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, आईचं लोणचंसुद्धा. आता या मला साहेबांकडे नेणार, मग जुन्नर, हे मला स्पष्ट दिसत होतं. बाई खाली जमिनीवर बसल्या आणि मलाही बसवलं.

"आपण बायका किती?"

"बारा."

"महिन्याचे दिवस किती?"

"तीस."

"आता तूच मांड. असा एक तरी दिवस निघतो का, की या खोलीत कोणी बाजूला बसणारी नाही?" मी बोटांवर मांडून पाहिलं, निघेना. "तुझ्या हाताने औषध बाटत असेल, तर ही कंपनी उघडली त्या दिवसापासून बाटलेली आहे. आणि माणसं तर बरी होतायत. डॉक्टर आणखी मागवतायत. आता याचं काय करायचं ते तू ठरव."

त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर मी विसरले असते. पण त्यांनी मला ठरवायला सांगितलं, आणि तसं मला आजवर कोणीच काही सांगितलं नव्हतं.

बाई साहेबांकडे गेल्या आणि चक्क खोटं बोलल्या. म्हणाल्या, आदल्या दिवशी मी दिवे हलवले होते, पोरीच्या दिव्याची तिरीप बाटलीवर पडत होती, तिला कण दिसले, चूक माझी. शिफ्ट सुटल्यावर दोन संध्याकाळ त्या माझ्याशेजारी बसल्या. "आधी तू बघ, मग मी बघते." मी अजून पाळीतच होते. तिन्ही टोपल्यांतल्या चार बाटल्या सोडून सगळ्या माझ्याच हाताने उजवीकडे गेल्या. पहिल्या दहा-बारा मी दोन-दोनदा उलटून पाहिल्या. पुढच्या एकदाच. चाचांना बाईंनी एवढंच सांगितलं, "दिव्याची चूक. तुझे डोळे शाबूत आहेत. चहा घे."

पुढे मोठ्या सुपरवायझरची जागा निघाली. ती बाईंचीच होती, सगळ्यांनी धरून चाललं होतं. ती मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांना मिळाली, आणि दिव्यांचं प्रकरण त्यात आडवं आलं, हे आम्हाला कळलं. मी रडत बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, "तिथे खुर्ची होती गो. पाठीची. आणि वर फिरणारी." मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्यांना वाकलेल्या पाठी आवडत नसत.

मी कायम झाले. जुन्नरचं स्थळ दुसरीकडे जमलं. पण आईशी बोललेलं खोटं मला सलत होतं. पुढच्या महिन्यात मी ते खोटं बोलले नाही. म्हटलं, "आई, मी घरात बाजूला बसेन. कशाला शिवणार नाही. पण कामावर जाणार."

"त्या हातांनी औषिद?"

"हो."

"लोकांच्या लेकरांचं पाप घेतीस डोक्यावर."

त्यानंतर त्या दिवसांत आई माझ्याशी बोलेना. भाकरी मात्र करायची. डबा पडवीच्या कडेला ठेवून मागे सरायची, मग मी उचलायचा. महिन्यामागून महिना असाच चालला. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "डबा ठेवते ना? मग गाडी चालू आहे. स्टेशन यायचं तेव्हा येईल."

त्या वर्षी थंडीत आईला न्यूमोनिया झाला. ताप उतरेना, श्वास पुरेना. गावातले डॉक्टर घरी आले, बॅग उघडली आणि सुईत औषध भरायला बाटली काढली. आमचीच होती. निळ्या बुचाची. आई तापात होती, पण शुद्धीवर होती. तिने बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमच्यातलीच का गं ही?"

"हो."

"तुज्या हातची?"

खोटं बोलायचं नाही, हे मी ठरवलेलं होतं. म्हटलं, "असेल. नाहीतर दुसरीच्या हातची. त्या दिवशी कोणाचं काय होतं, ते कोणालाच माहीत नसतं, आई."

डॉक्टर सुई धरून थांबले होते. त्यांना काही कळत नव्हतं. आईने आढ्याकडे नजर वळवली. एखादवेळी नको म्हणेल, अशी मला भीती वाटली. तेवढी भीती मला जुन्नरचीही वाटली नव्हती. मग तिने पदर सावरला आणि दंड पुढे केला.

"टोचा," म्हणाली.

महिनाभराने आई चुलीपाशी बसायला लागली. माझे दिवस आले. सकाळी पडवीत चटई गुंडाळून सुतळी बांधत होते. आई डबा घेऊन आली. मी सवयीने मागे सरले, ती ठेवेल म्हणून. तिने ठेवला नाही. पुढे आली आणि डबा माझ्या हातात दिला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली, गरम होती. "जा, उशीर व्हईल," म्हणाली आणि आत गेली.

दुपारी घंटा झाली. बाकीच्या चटया उलगडत होत्या. मी बाईंपाशी गेले आणि हळूच सांगितलं, की आज आईने डबा हातात दिला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीशी मांडलेल्या डब्यांकडे. उलगडत आणलेली स्वतःची चटई त्यांनी पुन्हा गुंडाळली आणि बाजूला ठेवली.

"उघड तो," त्या म्हणाल्या. "आज आधी भाकरी."